जुनं गिऱ्हाईक

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेला कोड मशीनला पचेल असा शिजवून देणारा आचारी. त्याच्या नव्या आवृत्त्या येतच राहतात, आणि जुन्या किती सांभाळायच्या यावरून आमच्या टीममध्ये दर वर्षी जुंपते.

"शेवटच्या दोन ठेवू, बाकीच्यांना नारळ देऊ," आम्ही म्हणायचो.

साहेब ऐकायचे नाहीत. "आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक अजून त्या पहिल्या कंपायलरवरच आहे. त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही."

झालं! प्रत्येक काम दोनदा करायचं, एकदा नव्यासाठी आणि एकदा त्या थेरड्यासाठी. हे दुसरं काम आमच्यातल्या सगळ्यात हुशार पोरीच्या, लवंगीच्या गळ्यात पडलं होतं. गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला. जाताना म्हणाली, "साहेब, मी प्रोग्रामर म्हणून आले होते, मढी जपायला नाही."

काल त्या गिऱ्हाइकाचा इंजिनिअर आमच्या ऑफिसात आला होता. चहाच्या मशीनपाशी मला राहवलं नाही. "काय हो, त्या जुन्या कंपायलरला कधी मोकळं करताय?"

त्याने कप खाली ठेवला. "आम्ही? आम्ही नवा आणून कधीचा ठेवलाय. पण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी जुन्याची सोय असतेच. आमचे साहेब म्हणतात, बिचारे अजून त्यावरच काम करत असणार...

त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही."