या, बसा जी

"चौथ्यांदा!" भोजराजने टेपरेकॉर्डरचं बटण खाडकन दाबून बंद केलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "तुलारामभाऊ, मधातच काहून बोल्ले तुमी?"

तुलारामच्या हातात तुणतुणं तसंच होतं. "शकुनबाई दारात उभ्या होत्या ना! 'या, बसा' नाही म्हणाचं काय? घर आहे का कचेरी?"

करडी गावात खडी गंमतीचे, म्हणजे डफ-ढोलकीवरच्या गाण्या-सोंगांचे खेळ करणाऱ्या मंडळाचं हे नवं गाणं भोजराजने धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधलं होतं. नागपूरच्या रेडिओवाल्यांनी कॅसेट मागवली होती. चारच्या एसटीने ती गेली तर गेली, नाहीतर संधी हुकली. शाळेतल्या गुरुजींच्या हातापाया पडून त्याने टेप आणला होता. पण गाणं रंगात आलं की दारात कोणीतरी उगवायचं आणि मंडळातला कोणीतरी 'या, बसा' म्हणून मोकळा व्हायचा. ढोलकीवाल्या डोमाने तर ढोलकी थांबवून पाणीसुद्धा विचारलं. एकदा दार लावून पाहिलं, तर भरदिवसा दार बंद दिसलं म्हणून शेजारीण घाबरून धावत आली. भोजराज पार वैतागला होता. उद्या रेडिओवर गाणं लागणार आणि त्यात डोमा पाहुण्यांना पाणी विचारणार!

टेपचा लाल दिवा मिणमिणायला लागला होता. नवे सेल तालुक्याला, मोहाडीला गेल्याशिवाय मिळायचे नाहीत.

"आता हे शेवटचं," तो म्हणाला. "देव जरी आला, तरी कोणी तोंड उघडाचं नाही."

"तोंड नाही उघडाचं त गाणं कायनं म्हणाचं?" तुलाराम पुटपुटला.

भोजराजने दोन्ही बटणं एकदम दाबली. ह्या खेपेला गाणं असं लागलं की त्याचा राग निम्मा उतरला. एकही आवाज वावगा नाही. आता फक्त शेवटचं कडवं उरलं.

भांडण त्याच कडव्याचं होतं. मंडळाची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव यायचं. भोजराजने तिथं स्वतःचं घातलं. ज्यांनी त्याला डफ धरायला शिकवलं, त्या केशवरावांनी त्या दिवसापासून मंडळाची पायरी चढणं सोडलं. त्याने दोनदा बोलावणं धाडलं, म्हातारा आला नाही. नाव मात्र भोजराजनेही बदललं नाही. गाणं मी बांधलं, मग नाव दुसऱ्याचं कायले?

आणि नेमके आत्ता केशवराव काठी टेकत दारात येऊन उभे राहिले.

तुलारामने डोळे गच्च मिटले. डोमाने मान ढोलकीत घातली. सांगितल्याप्रमाणे गाणं चालूच राहिलं, 'या, बसा' कोणी म्हटलं नाही. म्हाताऱ्याने एकेकाकडे पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली. मग काठी वळवली.

भोजराजच्या ओठांवर त्याचं स्वतःचं नाव आलेलंच होतं.

"या केशवरावकाका, बसा जी!" तो सुरातच ओरडला.

मंडळाला सवय, पुढच्याने ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची. तुलारामने डोळे उघडले आणि साऱ्यांनी मिळून ती उचलली, "बसा जी, जी जी!" डोमाने वर तिहाईसुद्धा मारली. लाल दिवा विझला.

"घ्या! पाठवा आता हेच!" भोजराजने डफ घोंगडीवर आदळला. कोणावर चिडावं हेच त्याला कळेना. रस्त्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, तशी त्याने कॅसेट काढून कागदात गुंडाळली आणि घाईघाईने तिला सुतळी बांधायला घेतली.

केशवराव घोंगडीवर बसले. डोमाने दिलेलं पाणी प्यायले. मग काठीने टेपच्या काळ्या डब्याकडे दाखवलं.

"माहं नाव गेलं काय रे त्याच्यात?"

"गेलं, काका," सुतळीला करकचून गाठ मारत भोजराज म्हणाला. "शेवटच्या कडव्यात गेलं. माहंच राहून गेलं."