पाय धुण्याचा कार्यक्रम

हेडबाईंनी टबात कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं. पाणी कोमट होतं.

"अठ्ठावीस," पाळकसाहेबांनी पुकारलं.

अठ्ठावीस नंबरचं टोकन घेतलेला म्हातारा खुर्चीत येऊन बसला. सकाळपासून त्या हॉलमध्ये सत्तावीस बेघरांचे पाय धुऊन झाले होते. चर्चतर्फे परदेशात जाऊन गरिबांचे पाय धुवायचे, ही कल्पना पाळकसाहेबांची. प्रत्यक्ष धुवायचे, हे काम हेडबाईंचं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्यांची तक्रार फक्त उठताना करायच्या.

म्हाताऱ्याने उजवा बूट काढून दिला. डावा काढला आणि मांडीवर घेऊन बसला.

"दे म्हणावं इकडे," हेडबाई दुभाष्याला म्हणाल्या. "नवे मिळणारेत."

जुने बूट आधी जमा, मग पाय पाण्यात, मग नवे बूट, असा नियम होता. गेल्या वर्षी लोक नवे बूट काखोटीला मारून जुन्यांतच चालते झाले. फोटोंत सगळे फाटकेच बूट आले आणि घरी परतल्यावर देणगीदारांनी विचारलं, "मग आपण दिलं काय?" तेव्हापासून जुने बूट काळ्या पिशवीत आणि पिशवी अकराच्या कचरागाडीत.

म्हातारा बराच वेळ बोलला. दुभाष्याला 'थोडक्यात सांगत चला' अशी ताकीद होती. जेवणाआधी चाळीस माणसं, म्हणजे ऐंशी पाय, उरकायचे होते.

"बुटात काहीतरी लिहिलंय म्हणतोय," दुभाषी म्हणाला.

हेडबाईंचा चेहरा उजळला. "अगं बाई! मग सांगा त्याला, नव्यातही लिहिलंय. आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या पोरांनी, स्वतःच्या हाताने!"

ते खरंच होतं. प्रत्येक नव्या डाव्या बुटात एक कार्ड होतं. म्हाताऱ्याच्या जुन्या बुटात मात्र, आतल्या पुठ्ठ्यावर, त्याच्या मुलीने बॉलपेनने आपला फोन नंबर लिहिला होता. कागद भिजतो, खिसा फाटतो, पिशवी चोरीला जाते. पायातला बूट सहसा कुठे जात नाही, असा तिचा विचार. हे सगळं म्हाताऱ्याने सांगितलं होतं. थोडक्यात त्याचं 'काहीतरी' झालं.

दुभाष्याने हेडबाईंचं उत्तरही थोडक्यात पोचवलं: नव्यात लिहिलेलं मिळेल.

म्हाताऱ्याने खात्री करून घेतली. नव्यात? हो, नव्यात. मग त्याने बूट दिला. वर हसलाही. पाळकसाहेबांनी तेवढ्यात फोटो काढला.

हेडबाईंनी पाय धुतले. टाचांच्या भेगांतली माती बोटाने हलकेच काढली, बोटांच्या बेचक्या पुसल्या. म्हाताऱ्याने डोळे मिटले. बाहेर कचरागाडीचा भोंगा वाजला. कोणीतरी पिशवी उचलून नेली.

पांढरे मोजे चढले. म्हाताऱ्याने नवा डावा बूट हातात घेतला, आत हात घातला आणि कार्ड काढलं. घराचं चित्र होतं, खाली वळणदार अक्षरांत एक ओळ. त्याने कार्ड उलटलं. मागे कोरं होतं. पुन्हा सुलटं केलं. मग बुटात डोकावला. मग दुभाष्याला काहीतरी विचारलं.

दुभाष्याचा चेहरा उतरला. या वेळी त्याने थोडक्यात सांगितलं नाही.

हेडबाई उठल्या. गुडघ्यांचं नाव न काढता फाटकापर्यंत पळाल्या. गाडी तिठ्यावर वळत होती. मागच्या बाजूला लोखंडी फळी पिशव्या आत रेटत, दाबत होती. "अहो, थांबा! थांबा हो!" त्या आपल्याच भाषेत ओरडल्या. गाडी गेली.

त्या ओले हात तसेच धरून परत आल्या.

"पण नंबर पाठ नाही का त्याला?" पाळकसाहेब विचारत होते.

"पाठ राहिला असता तर बुटात कशाला लिहावा लागला असता, म्हणतोय."

"बरं, मुलीचा पत्ता तरी?"

"ती कामासाठी गावं बदलते. म्हणून तर नंबर दिला होता. थंडी पडली की फोन कर, येऊन घेऊन जाते, म्हणाली होती."

थंडी पडली होती. हॉलच्या काचा धुरकटल्या होत्या.

पाळकसाहेबांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा प्रसंगी काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. "त्याला कार्ड वाचून दाखवा," ते म्हणाले.

दुभाष्याने वाचून दाखवलं. 'देवाला तुझा पत्ता ठाऊक आहे.'

म्हाताऱ्याने मान हलवली. अगदी शांतपणे एक वाक्य बोलला.

"काय म्हणाला?"

दुभाषी जरा घुटमळला. "म्हणाला, मग मुलीचाही ठाऊक असेल. तेवढा विचारून सांगा."

हेडबाई खाली बसल्या आणि म्हाताऱ्याच्या नव्या बुटांच्या नाड्या बांधू लागल्या. पहिलीतल्या पोरांच्या बांधायच्या तशा, दोन-दोन गाठी मारून. तो उठला, कार्ड खुर्चीवर ठेवलं आणि दाराबाहेर गेला. नवे बूट फरशीवर करकरत होते. तो कचरागाडी गेली त्या बाजूला वळला.

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. घसा साफ केला.

"एकोणतीस."

कोणी उठलं नाही. भिंतीलगत बाराजण टोकनं घेऊन बसले होते. त्यांना दुभाष्याची गरज पडली नव्हती. सगळ्यांनी आपापले पाय खुर्च्यांखाली ओढून घेतले होते.