आंधळा कॅमेरा

"आई, वायर काढून परत लाव बघू," टोरांटोहून श्रीरंग म्हणाला.

"लावली. कॅमेराच आंधळा दिलाय तुझ्या त्या दुकानदारानं," सगुणाबाई फणकारल्या.

भिंगावर त्यांनीच आपली काढलेली टिकली चिकटवली होती. परतीचा व्हिसा मिळाला नाही म्हणून पोराला बापाच्या दशक्रियेलाही येता आलं नव्हतं. वर आईचं मोकळं कपाळ त्याला कशाला दाखवायचं?

"तोंड तरी बघू दे गं." तो स्क्रीनकडे वाकला.

त्यांनी नखानं टिकली खरवडून काढली.

त्याला ते कपाळ दिसलं. मग त्यानं हळूच लोकरी टोपी उतरवली. डोक्याचा गोटा केलेला, जागोजागी कापलेलं.

"कुणी केलं हे?"

"मीच. आरशात बघून."

"मागं वळ."

तो वळला.

"मागचे केस तसेच राहिलेत," त्या म्हणाल्या. "सांगायला कुणीच नव्हतं होय रे तिथं?"