बिनबुडाची होडी

लाल वाळवंटातल्या कोरड्या नदीत होड्यांची शर्यत होती. तळ नसलेली होडी कमरेशी धरून वाळूत पळायचं, पर्यटकांनी खिदळायचं. त्यापायी पात्राला कुंपण घातलेलं, आणि दवाखाना पलीकडच्या काठावर. नोरीनच्या मावशीचं डायलिसिस दोनदा चुकलं होतं. आज चुकलं तर संपलंच. “तिकीट काढ, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांब,” पहारेकरी म्हणाला. नोरीननं बहिणींच्या मदतीनं एक होडी पळवली, आडव्या फळीवर मावशीला बसवलं आणि चौघी स्पर्धकांच्या वाटेनं पात्रात धावत सुटल्या. लोक शिट्ट्या मारू लागले. “जन्म नदीत काढला, होडी मिळाली तीही बिनबुडाची,” मावशी पुटपुटली. “बोलू नकोस, घट्ट धर!” दवाखान्याकडच्या फाटकाशी पंच आडवा आला. “होडीत बसायचं नसतं. तुम्ही बाद!” “बाद कर मेल्या, पण फाटक उघड!” नोरीन किंचाळली. फाटक बंदच. कॅमेरावाला म्हणाला, “आजी, जरा मान वर करा ना!”