नाजूक नमुना

“आपला नमुना लहान आहे,” संशोधक बाई म्हणाल्या आणि तक्रार विभागातल्या ताईंना जोराचा ठसका लागला.

लंबू त्यांची पाठ थोपटायला धावला, पण त्याचेच खांदे गदगदत होते. साहेबांनी दोघांकडे डोळे वटारून पाहिलं. पाहुण्यांसमोर ही तऱ्हा! ते खुर्चीतल्या उशीवर आणखी ताठ बसले. उंची बेताची, म्हणून ती उशी त्यांनी घरूनच आणली होती.

“लहान आहे म्हणून नाजूकही आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “जरा बिनसलं की माझी सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा तीन महिने नमुन्याला सांभाळून घ्या, एवढीच विनंती.”

“घेऊ की,” ताई डोळे पुसत म्हणाल्या. “सवय आहे आम्हाला.”

बाई मानसशास्त्राच्या. कामाच्या जागी माणसाच्या मनाचं काय होतं, याचा त्यांचा अभ्यास. त्यासाठी वॉशिंग मशीनच्या कंपनीचा तक्रार विभाग म्हणजे सोन्याची खाणच. कुणाच्या मशीनने शर्ट फाडलेला, कुणाचं मशीन हादरत हादरत दारापर्यंत आलेलं. शिव्या मात्र फोन उचलणाऱ्याला. त्या ऐकून झाल्या की साहेबांच्या सुरू.

पण त्या दिवशी साहेबांचा आवाज चढला नाही. मोठ्या साहेबांनी सकाळीच बोलावून दम भरला होता. “वर्षात दोन माणसं सोडून गेली तुमच्याकडची. आता या अभ्यासात विभाग रडका निघाला, किंवा आणखी एक जण गेला, तर तुमची रवानगी गोदामात. बसा नळ्या मोजत.”

 गोदामात चिटपाखरू नव्हतं. साहेबांना ओरडायला का होईना, माणसं लागत. घरी बायको होती, पण तिच्यावर ओरडायची त्यांची कधी छाती झाली नव्हती.

नमुना म्हणजे आपल्या हाताखालची माणसं, हे त्यांच्या चटकन लक्षात आलं. शेवटी शिकलेला माणूस. नमुन्याला जपायचं म्हणजे जपायचं, त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले आणि मऊ आवाजात विचारलं, “काय, कसं वाटतंय?”

लंबूच्या हातून फोन निसटला. ताईंनी साहेबांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग त्याहून मऊ आवाजात म्हणाल्या, “आम्हाला बरंय साहेब. तुम्ही बसा बघू जरा. पाणी देऊ?”

साहेब चकित झाले. एका प्रश्नात एवढी माया! त्यांनी मग लगाम सैल सोडला. उशीर झाला तर “असू दे, असू दे” म्हणू लागले. जेवणानंतर सगळ्यांना आवारात फेरी मारायला नेऊ लागले. फेरीत कुणी ना कुणी त्यांच्या अगदी जवळून चाले, पायरी आली की कोपराला हात लावी. आणि रोज सकाळी ते एक विनोद सांगत. खरं तर तोच. दुसरा त्यांना येत नव्हता.

“एक बाई मला फोनवर विचारते, मशीनमध्ये नवरा धुतला तर चालेल का? म्हटलं चालेल, पण आटेल!”

सगळे पोट धरून हसत. ‘आटेल’ला तर ताईंच्या डोळ्यांत पाणी येई.

“त्याच विनोदाला रोज?” बायकोने विचारलं. “काहीतरी पाणी मुरतंय.”

“तुला माणसांची पारखच नाही,” साहेब म्हणाले, पण हळू.

दर आठवड्याला बाई येत, एकेकाला प्रश्न विचारून जात. जाताना ताई त्यांना हटकून सांगत, “काळजी करू नका, सांभाळतोय आम्ही.” बाई समाधानाने हसत.

मग एक दिवस लंबू खाली मान घालून समोर उभा राहिला. साहेबांना आधी गोदाम दिसलं.

“साहेब, मला दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. पगारही जास्त.”

“मग?” साहेब उशीवरून उठले.

“नाही म्हणून कळवलं. तुम्हाला अशा वेळी सोडून जायचं म्हणजे... ताई म्हणाल्या, काही माणुसकी आहे की नाही तुला?”

 म्हणजे गोदामाचं या पोरांना कळलं होतं तर! कळूनही एका शब्दाने बोलली नाहीत. आजवर या लोकांवर आपण उगाच तोंड टाकलं, असं साहेबांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी टाचा उंचावून लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. लंबूने तो पोचावा म्हणून गुडघे वाकवले.

तीन महिने संपले. बाईंनी सर्वांसमोर निष्कर्ष सांगितला. ताण निम्म्यावर आलाय, एकमेकांबद्दलचा जिव्हाळा वाढलाय, इतका गुणी विभाग त्यांनी दुसरा पाहिला नाही. मोठ्या साहेबांनी साहेबांचा हात हातात घेतला. “गोदाम विसरा आता.”

साहेबांना काय करू नि काय नको असं झालं. ते तडक कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले, भला मोठा केक घेतला. माफी मागायची, आभार मानायचे, सगळं वाटेत मनाशी घोकलं. विनोदसुद्धा नवा जुळवला.

केक सांभाळत ते विभागाच्या दाराशी आले. आत ताई बाईंचे हात हातात धरून बोलत होत्या.

“बाई, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुम्ही सांगितलंत तसं तीन महिने नमुन्याला फुलासारखं जपलं. त्याच त्या विनोदाला हसून जबडे दुखले आमचे. पण आता तरी खरं सांगा, साहेबांना नक्की झालंय तरी काय?”