तीन कोपऱ्यांची चांदी

"फोटो माझा आहे आणि त्याच्याखाली नाव सरांचं आहे," हर्षा म्हणाली. "एवढंच सांगायला आले मी."

बोरगाव मेघेच्या त्या कॉलेजात, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, टेबलावर ते विज्ञानाचं मासिक उघडं पडलं होतं. समोर चौकशीसाठी नागपूरहून आलेल्या कमला मॅडम. बाजूच्या खुर्चीत राकेश सर, पायावर पाय टाकून. हर्षाचे पीएच.डी.चे गाइड तेच. मार्गदर्शन करायचं सोडून माणसानं विद्यार्थिनीच्या ताटातलंच उचललं, आणि वर चेहरा असा, जसं काही झालंच नाही.

फोटो होता काचेवर बसवलेल्या चांदीच्या कणांचा. केसाच्या जाडीत सातशे मावतील एवढे बारीक कण. प्रत्येकाला तीन कोपरे आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. चांदी अशी शिस्तीत बसते हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हर्षानं पाहिलं. त्यासाठी तीन वर्षं काचा घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती. अल्लीपूरला तिच्या आईनं, अनुसयाबाईंनी, तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला होता आणि आल्यागेल्याला "हे आमच्या हर्षानं शोधलं" म्हणून दाखवत होत्या. आता मासिक उघडलं तर तिथं हर्षाच्या नावाचा पत्ताच नाही.

"मुलगी मेहनती आहे, मॅडम," सर म्हणाले. "पण चांदी ती चांदी. त्याच पद्धतीनं मी बसवली, माझ्याही कणांना तीन कोपरे आले. माझा फोटो मी काढला. यात चोरी कुठे आली?"

हर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला साधं मशीन चालू करायला नत्थूजी लागतात, तो म्हणे फोटो काढतो.

नत्थूजी लॅबचे जुने अटेंडंट. ते दाराशी उभे होते. आत येताना त्यांनीच तिला धीर दिला होता, "घाबरू नको पोरी. जे खरं असन तेच सांगजो. मी आहो न इथं."

"हा तुमचाच फोटो, हे ओळखायचं कसं?" कमला मॅडमनी विचारलं.

"सुईवरून."

ते मशीन डोळ्यानं पाहत नाही. आंधळ्या माणसानं बोटानं चेहरा चाचपावा तशी त्याची सुई वस्तूवरून फिरते, आणि तिला जे लागेल त्याचा फोटो बनतो. सुईचं टोक इतकं बारीक की ते नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. दरवर्षी नव्या मुलांना हर्षाच शिकवायची, आधी सुई तपासा, ती बिघडली असेल तर समोरचं सोडून आपलंच काहीतरी सांगत बसते.

"आमच्याकडे ज्याची त्याची सुई वेगळी," ती म्हणाली. "माझी डबी माझ्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ. दसऱ्याला मशीनची पूजा केली तेव्हा त्यावर माझी सुई होती. पुजलेली सुई कोण टाकतं? तेव्हापासून मी तीच वापरते."

"मशीनची पूजा?"

"दरवर्षी करतो आम्ही. विचारा नत्थूजींना."

"हळद-कुंकू वाह्यलं, सोनं ठेवलं," नत्थूजी दारातून म्हणाले. "आपट्याचं पान बरोब्बर सुईखाली ठेवलं न मी, अन् सुई हळूच टेकवली त्याच्यावर. मंग दुसऱ्याच दिवशी पोरीले हे तीन कोपरे दिसले. देव पावला म्हना."

राकेश सर हसले. त्या हसण्यानं हर्षाचं डोकंच फिरलं. तिनं फाईल टेबलावर जवळजवळ आपटली.

"हे बघा, मॅडम. प्रत्येक कणाच्या डाव्या कोपऱ्यात छोटीशी खाच आहे. माझ्या फोटोत आहे, मासिकातल्या फोटोतही आहे. ही खाच चांदीची नाही, माझ्या सुईची आहे. सरांच्या सुईनं ती येऊच शकत नाही."

सरांचा वरचा पाय खाली आला. त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि हर्षाला बरं वाटलं.

"खाच सुईचीच, हे कशावरून?" मॅडमनी विचारलं.

याच प्रश्नाची ती वाट पाहत होती. आठवडाभर तिनं मशीनमधले जुने फोटो धुंडाळले होते, मोठे करून करून प्रत्येकात फक्त ती खाच शोधली होती. त्यातले दोन तिनं पुढे सरकवले.

"कारण माझ्या सुईनं काढलेल्या प्रत्येक फोटोत ती आहे. हा आमच्या लॅबमधल्या निकेशचा. एका दिवसासाठी मी त्याला सुई दिली होती. त्याचं जस्त आहे, चांदी नाही, तरी तीच खाच. आणि ही कोरी काच, वर नुसती धूळ. तरीही तीच खाच. आता तरी पटतं का?"

कमला मॅडमनी चष्मा पुसला. तिन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले. मग त्यांनी शेवटच्या फोटोवर बोट टेकवलं.

"हर्षा, ही धूळच आहे ना?"

"हो, मॅडम."

"मग हिलाही तीन कोपरे कसे?"

हर्षा फोटोवर वाकली. धुळीच्या प्रत्येक कणाला तीन कोपरे होते, आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. तिनं निकेशचा फोटो ओढला. मग आपला. जस्त, चांदी, धूळ, सगळ्यांना तेच तीन कोपरे; खाचेसारखे तेही सुईचेच.

राकेश सर खुर्चीत सावरून बसले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"मॅडम, मी उगाच ताणत होतो," ते नम्रपणे म्हणाले. "हर्षा खरं बोलते आहे. फोटो तिचाच आहे. मी आजच मासिकाला लेखी कळवतो, माझं नाव काढा आणि तिचं एकटीचं घाला."