रव्याचा हिमालय

डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि दुपारी झोपलेली शाल्मली उठून स्वयंपाकघरात आली.

“आई, काय सांडलंस?”

“सांडलं नाही गं, डोंगर करतेय.” काचेच्या पेटीत रव्याचे आणि नाचणीच्या पिठाचे थर होते. मी फळीने ते एका बाजूने ढकलले, तसे ते दुमडत एकमेकांवर चढले. “हिमालय असाच उंच झालाय. सोमवारी मी तो मोजायला जातेय, तीन महिने.” तिला हे सांगायचं राहिलंच होतं.

तिने टोकावरचा रवा बोटाने पाडला. “वर्षात केवढा वाढतो?”

“वाढतो आणि पावसाने झिजतोही. उरतो तुझ्या नखाच्या टोकाएवढा.”

ती नखाकडे बघत राहिली.

“मग मी मोठी झाल्यावर गेलीस तर नाही का चालणार?”